चार महिने, एक कॅमेरा आणि मिथुन राशीतला एक तारा : निरीक्षण-प्रकल्पाच्या निवडीविषयी

सांगलीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी पुढील प्रश्न विचारला आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला त्यांच्याकडे खगोलशास्त्राचा एक अभ्यासक्रम आहे आणि त्यात डिसेंबर ते मार्च या काळात प्रत्यक्ष आकाशनिरीक्षणावर आधारलेला प्रकल्प करून घ्यायचा आहे. विद्यार्थी बावीस आहेत. विभागाकडे सहा इंची परावर्ती दुर्बीण आहे, तिला आकाशाच्या गतीबरोबर फिरवणारी मोटर नाही. एक डीएसएलआर कॅमेरा आणि ट्रायपॉड आहे. विद्यार्थ्यांचा ओढा दीर्घिका व तेजोमेघांची छायाचित्रे काढण्याकडे किंवा एखादा बाह्यग्रह, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, टिपण्याकडे आहे. त्यांना कोणता प्रकल्प द्यावा?

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. सर्व बावीस जणांना मिळून मिथुन राशीतल्या झीटा जेमिनोरम या रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्याचा प्रकाशवक्र, म्हणजे काळानुसार तेजाचा आलेख, चार महिने कॅमेऱ्याने मोजायला द्यावा, आणि पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या जोडीला ययाति तारकासमूहातल्या अल्गोलची नुसत्या डोळ्यांनी निरीक्षणे करून घ्यावीत. दुर्बिणीची या दोन्हींसाठी गरज नाही. दुर्बीण वापरायचीच असेल तर तीन-चार विद्यार्थ्यांच्या एका गटाला गुरूचे चंद्र द्यावेत.

प्रकल्प निवडताना बहुतेक ठिकाणी सुरुवात साधनांपासून होते: आपल्याकडे दुर्बीण आहे, तिच्यातून काय दिसेल? सातारा आणि सांगली परिसरातल्या विद्यार्थ्यांबरोबर पंचवीसहून अधिक वर्षे रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सुरुवात एका संख्येपासून करावी. विद्यार्थ्याने सत्राच्या शेवटी कोणती संख्या स्वतःच्या मोजमापातून काढायची आहे आणि ती संख्या किती चुकू शकते हे त्याला कशावरून सांगता येणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवशी देता आली नाहीत, तर तो प्रकल्प छायाचित्रांची वही होऊन बसतो. देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र सुंदर येते, ते जरूर काढावे. पण त्या छायाचित्राने विद्यार्थ्याला कोणता प्रश्न सोडवता आला, असे बाह्य परीक्षकांनी विचारले की मुले गप्प होतात. त्यात त्यांचा दोष नसतो, कारण प्रश्न त्यांना कुणी दिलेलाच नसतो.

बाह्यग्रहाचे आकर्षण मला समजते. जंबुक तारकासमूहातल्या एचडी १८९७३३ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह दर २.२ दिवसांनी जातो आणि ताऱ्याचा प्रकाश सुमारे अडीच टक्क्यांनी कमी होतो. एवढा फरक लहान दुर्बिणीला मोजता येतो हे खरे आहे. परंतु त्यासाठी दोन-तीन तास सलग, मोटरच्या आधाराने, तारा कॅमेऱ्याच्या त्याच पिक्सेलांवर धरून ठेवावा लागतो, आणि जंबुक हा पावसाळ्यानंतरच्या संध्याकाळचा तारकासमूह आहे. डिसेंबरात तो मावळतीला टेकलेला असतो. हिवाळ्यात सोयीच्या जागी असणारे ग्रहधारक तारे बरेच मंद आहेत. मोटर नसलेल्या दुर्बिणीवर आणि पहिल्यांदाच मोजमाप शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर हा भार टाकू नये. एका रात्री आभाळ आले की अधिक्रमण (ग्रहाचे ताऱ्यासमोरून जाणे) हुकते, पुढचे सोयीच्या वेळी येईपर्यंत आठवडे जातात आणि सत्र संपते.

आपल्याकडच्या आकाशाचा स्वभाव इथे महत्त्वाचा ठरतो. पावसाळ्यात काही करता येत नाही, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल हाच आपला निरीक्षणाचा हंगाम, आणि नेमका तोच उसाच्या गळिताचाही हंगाम असतो. सांगली, वाळवा, कराड या कृष्णाकाठच्या पट्ट्यात संध्याकाळी पाचट पेटवले जाते, धुराचा थर क्षितिजालगत तास-दोन तास तरंगत राहतो, आणि मध्यरात्रीनंतर नदीकाठचे धुके व दव यांचा त्रास सुरू होतो. म्हणून तारा जितका डोक्यावर तितके मोजमाप चांगले. साताऱ्याहून येणाऱ्यांना कास किंवा चाळकेवाडीच्या पठारावर जाण्याचा मोह होतो. आकाश तिथे काळेभोर असते, पण चाळकेवाडीला पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत, आणि त्या वाऱ्यात सहा इंची दुर्बीण स्थिर राहत नाही. खटाव-माण किंवा आटपाडी-जत या कोरड्या भागात आकाश काळे आणि हवा निवांत असते, मात्र तिथे बावीस मुलांना आठवड्यातून दोनदा नेणे कोणत्याही महाविद्यालयाला परवडणार नाही. प्रकल्प महाविद्यालयाच्या गच्चीवरून होणारा असावा, हा नियम मी कधीच मोडत नाही. यामागे आणखी एक कारण आहे. रात्री नऊ-दहाच्या पुढे मुलींना घरी किंवा वसतिगृहात परतणे अवघड होते, गावाकडच्या मुलांची शेवटची एसटी निघून जाते, आणि मग प्रकल्प शहरात राहणाऱ्या चार मुलांचा होऊन बाकीचे त्यांच्या वहीतून आकडे उतरवून घेतात. हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते. निवड करतानाच ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

आता झीटा जेमिनोरमकडे येऊ. हा सेफीड जातीचा तारा आहे. तो फुगतो आणि आकसतो, त्याबरोबर त्याचे तापमान बदलते आणि त्याची दृश्य प्रत (तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) सुमारे ३.६ ते ४.२ या मर्यादेत १०.१५ दिवसांच्या आवर्तनाने बदलते. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) उत्तर २०.६ अंश आहे. साताऱ्याचे अक्षांश १७.७ आणि सांगलीचे १६.९, म्हणजे दोन्ही गावांत हा तारा खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, चार अंशांच्या आत येतो. युरोपातल्या निरीक्षकाला हे सुख कधीच मिळत नाही. डिसेंबरच्या मध्याला तो रात्री पावणेआठच्या सुमारास उगवतो, म्हणून त्या महिन्यात दहा वाजेपर्यंत थांबावे लागते. जानेवारीत नऊ वाजता, फेब्रुवारी-मार्चमध्ये आठ वाजताच तो चांगला वर असतो. सत्र पुढे सरकते तशी निरीक्षणाची वेळ सोयीची होत जाते.

कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची साधी लेन्स लावून ट्रायपॉडवर ठेवावी. छिद्र एफ/४, आयएसओ ४००, एक्स्पोजर आठ-दहा सेकंदांचे, आणि फोकस जाणूनबुजून किंचित बिघडवलेला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलांवर पसरतो आणि कोणताही पिक्सेल भरून वाहत नाही. एवढ्या वेळात तारे थोडे सरकतात, त्याने बिघडत नाही. छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातच घ्यावीत आणि मोजमाप फक्त हिरव्या पिक्सेलांवर करावे, कारण तो पट्टा खगोलशास्त्रज्ञांच्या दृश्य पट्ट्याच्या सर्वांत जवळ आहे. मोबाइलच्या रात्रीच्या छायाचित्रांवर मोजमाप करू देऊ नये. मोबाइल चित्र उजळवताना ताऱ्यांच्या तेजाचे परस्परप्रमाणच बदलून टाकतो. एका रात्री दहा-बारा चित्रे घ्यावीत आणि त्यांची सरासरी काढावी, म्हणजे ताऱ्यांच्या लुकलुकण्याचा परिणाम बराच कमी होतो. लेन्सची टोपी घालून तितक्याच वेळाची काही काळी चित्रेही घ्यावीत. प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे आहे.

तुलनेसाठी तारे निवडण्यात खरे शिक्षण आहे. मिथुन राशीतच कापा जेमिनोरम ३.५७ प्रतीचा आहे आणि त्याचा पिवळसर रंग झीटाशी मिळताजुळता आहे, म्हणून तो उत्तम. त्याच्या शेजारचा अप्सिलॉन हा ४.०६ प्रतीचा, पण तांबडा आहे. कॅमेऱ्याचा हिरवा पट्टा आणि प्रमाण दृश्य पट्टा यांत जो थोडा फरक असतो, तो तांबड्या ताऱ्याच्या बाबतीत वाढतो. विद्यार्थ्यांना दोन्ही ताऱ्यांवरून झीटाची प्रत काढायला सांगा आणि दोन उत्तरांत पद्धतशीर फरक का पडतो हे त्यांना शोधू द्या. नियम आधी सांगितला तर ते तो पाठ करतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कापा आणि दुसरा एखादा स्थिर तारा, उदाहरणार्थ ३.५३ प्रतीचा डेल्टा जेमिनोरम, यांच्या प्रतींमधला फरकही दर रात्री मोजून ठेवावा. हा फरक चार महिने बदलायला नको. तो जितका मागे-पुढे होईल, तितकी तुमच्या मोजमापाची खरी त्रुटी. ती ०.०२ किंवा ०.०३ प्रत निघाली तर झीटाचा अर्ध्या प्रतीचा चढउतार स्पष्ट दिसेल. पुस्तकातल्या सूत्रांनी त्रुटी काढण्यापेक्षा ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटते, आणि ज्या गटाने ती पाळली आहे त्याला तोंडी परीक्षेत कोणत्याही प्रश्नाची भीती राहत नाही.

आवर्तनकालाची अचूकता किती अपेक्षित धरावी, हेही आधीच काढून ठेवता येते. समजा, कमाल तेजाचा क्षण विद्यार्थ्याला अर्ध्या दिवसाच्या फरकाने ठरवता आला. एक महिन्यात तीन आवर्तने होतात, म्हणजे आवर्तनकाल सुमारे ०.१७ दिवसांच्या फरकाने कळेल. शंभर दिवसांत दहा आवर्तने होतात, तेव्हा तोच फरक ०.०५ दिवसांवर येतो. कॅमेरा महागडा केला म्हणून हा फायदा मिळत नाही, निरीक्षणांचा पल्ला वाढवला म्हणून मिळतो. या एका कारणासाठी पहिले निरीक्षण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झालेच पाहिजे, मग त्या दिवशी पद्धत पूर्ण बसलेली नसली तरी चालेल. मधल्या काळात निम्म्याच रात्री हाती लागतील असे धरून वेळापत्रक करावे. बावीस विद्यार्थ्यांचे अकरा जोडगट केले तर प्रत्येक जोडीला चार महिन्यांत पाच-सहा रात्रीच गच्चीवर यावे लागेल, आणि तरीही सर्वांचा मिळून प्रकाशवक्र भरगच्च होईल.

सगळी मोजमापे १०.१५ दिवसांच्या एकाच आवर्तनावर घडी घालून, म्हणजे प्रत्येक मोजमाप आवर्तनाच्या कितव्या दिवशी पडते ते पाहून, मांडली की त्या ठिपक्यांतून वक्र उमटतो. तो क्षण मुलांना स्वतः अनुभवू द्यावा. आवर्तनकाल त्यांना आधी सांगू नये. नऊ, साडेनऊ, दहा, साडेदहा असे वेगवेगळे कालावधी घेऊन त्यांनी घड्या घालून पाहाव्यात, आणि कोणत्या घडीला ठिपके एका ओळीत येतात ते स्वतः ठरवावे. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये सेफीड ताऱ्यांचा आवर्तनकाल आणि तेजस्विता यांचा संबंध स्पष्ट मांडला. दहा दिवसांच्या सेफीडची निरपेक्ष प्रत (ठरावीक प्रमाण अंतरावरून दिसेल ती प्रत) उणे चारच्या आसपास असते, हा आकडा देऊन झीटाचे अंतर काढायला सांगितले तर उत्तर सुमारे बाराशे प्रकाशवर्षांच्या आसपास येते. सांगलीतल्या गच्चीवरून, लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याने, बाराशे प्रकाशवर्षे मोजणे ही माझ्या मते कोणत्याही तेजोमेघाच्या छायाचित्रापेक्षा मोठी गोष्ट आहे.

इथे एक अनुभव सांगतो. साताऱ्यात काही वर्षांपूर्वी एका गटाच्या झीटाच्या वक्रात दोन ठिपके बाकीच्यांपासून प्रतीच्या दशांशाने बाजूला पडत होते. गटातल्या मुलांनी ते ढगांमुळे चुकले असे ठरवून खोडायला घेतले होते. मी त्यांना खोडण्याआधी रॉ चित्रे उघडून कॅमेऱ्याच्या घड्याळातली वेळ पाहायला सांगितली. दोन्ही चित्रे रात्री साडेबाराच्या सुमाराची होती. ज्या मुलीने वही लिहिली होती तिने संध्याकाळची तारीख घातली होती, आणि बाकीच्या जोड्या मध्यरात्रीनंतर नवी तारीख लिहीत होत्या. एका दिवसाची चूक म्हणजे झीटाच्या आवर्तनाचा दहावा भाग. तारीख सुधारताच दोन्ही ठिपके वक्रावर जाऊन बसले. त्या दिवसापासून मी सर्व गटांना ज्युलियन दिनांक, म्हणजे महिना-वर्ष न पाडता सलग मोजलेले दिवस, वापरायला लावतो. ज्युलियन दिवस जागतिक वेळेच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो, त्यामुळे आपल्याकडच्या संपूर्ण रात्रीला एकच पूर्णांक लाभतो आणि मध्यरात्रीचा घोटाळा मुळातच राहत नाही. वहीतला कोणताही आकडा खोडायचा नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहायचे, हाही नियम तेव्हापासूनचा.

अल्गोल मी जोडीला सुचवला, कारण डोळ्यांनी तेज अजमावण्याची सवय दुसऱ्या कशाने लागत नाही. हा ग्रहणकारी जोडतारा (यातला एक तारा दुसऱ्याला ठरावीक काळाने झाकतो) २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो, २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि या सगळ्याला सुमारे दहा तास लागतात. जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने हे आवर्तन १७८३ मध्ये, वयाच्या विशीच्या आत, नुसत्या डोळ्यांनी मांडले. दर खेपेला किमान तेजाची वेळ तीन दिवसांनी सुमारे सव्वातीन तास अलीकडे येते: आज पहाटे तीनला असेल तर तीन दिवसांनी रात्री पावणेबाराला, आणि आणखी तीन दिवसांनी साडेआठला. या क्रमातली शेवटची वेळ विद्यार्थ्यांसाठी निवडावी आणि त्या संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत दर वीस मिनिटांनी अंदाज लिहून घ्यावा. तुलनेसाठी ययातीतलेच एप्सिलॉन आणि डेल्टा पर्सेई हे तारे चांगले. अल्गोलच्या अगदी जवळचा ऱ्हो पर्सेई सोयीचा वाटतो, पण तो स्वतःच रूपविकारी आहे, आणि नकाशा न वाचता काम करणारी मुले हमखास त्याच्यावर जातात. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे आकडे पाहू नयेत. एकाने मोठ्याने प्रत सांगितली की दुसऱ्याच्या डोळ्यांना तीच दिसू लागते.

अशा कामाला मोठे साधन लागत नाही याचे आपल्याच उपखंडातले उदाहरण म्हणजे राधागोविंद चंद्र. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी रूपविकारी ताऱ्यांची सदतीस हजारांहून अधिक निरीक्षणे अमेरिकेतल्या रूपविकारी तारा निरीक्षकांच्या संघटनेकडे पाठवली, आणि त्या संघटनेने १९२६ मध्ये त्यांना एक सहा इंची दुर्बीण वापरायला धाडली. तुमच्या विभागातल्या दुर्बिणीएवढीच ती होती. ती पुढे कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. विद्यार्थ्यांची चांगली मोजमापे आजही याच संघटनेच्या संग्रहात जमा करता येतात, आणि आपला आकडा जगातल्या दुसऱ्या निरीक्षकांच्या आकड्यांशेजारी बसलेला पाहिला की मुले पुढच्या रात्री आपण होऊन येतात.

गुरूच्या चंद्रांचा प्रकल्प दुर्बिणीच्या गटासाठी द्यावा, कारण गुरूची प्रतियुती (गुरू सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येणे) फेब्रुवारी २०२७ मध्ये आणि त्यानंतर मार्च २०२८ मध्ये होत असल्याने तो या सत्रांत सोयीचा राहील. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे पाऊण विकलेचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) असतो. कॅलिस्टो गुरूपासून आठशे पिक्सेलांपर्यंत जातो, आयो एकशे ऐंशींपर्यंत. एक्स्पोजर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे पुरते, त्यामुळे मोटर नसल्याची अडचण येत नाही. प्रमाण मात्र गुरूच्या बिंबावरून ठरवू नये, कारण अशा चित्रात बिंब नेहमी फुगलेले येते. एखादा तारा दृष्टिक्षेत्रातून आपोआप सरकू द्यावा आणि किती सेकंदांत किती पिक्सेल सरकला ते मोजावे. विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला पंधरा विकला सरकतो. चारही चंद्रांसाठी अंतराचा घन आणि आवर्तनकालाचा वर्ग यांचे गुणोत्तर सारखे आले की केप्लरचा तिसरा नियम हाती लागतो. मात्र प्रतियुतीनंतर तीन महिन्यांत गुरू आपल्यापासून जवळजवळ एक खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराएवढे) दूर जातो आणि सगळी कोनीय अंतरे सहाव्या भागाने आक्रसतात. ही दुरुस्ती विसरलेला गट गुणोत्तर जुळत नाही म्हणून दुर्बिणीला दोष देत बसतो.

ज्या विद्यार्थ्यांना रात्री थांबणे शक्यच नाही त्यांच्यासाठी सूर्यावरचे डाग आहेत. पांढऱ्या कागदावर सूर्यबिंब पाडून रोज ठरलेल्या वेळी डाग टिपले तर महिन्याभरात सूर्याचा परिवलनकाल, म्हणजे स्वतःभोवती फिरण्याचा काळ, काढता येतो. पृथ्वीवरून तो सुमारे २७ दिवसांचा दिसतो. यासाठी लहान अपवर्ती दुर्बीण घ्यावी, तिच्या शोधक-दुर्बिणीला टोपी घालूनच ठेवावी, आणि शिक्षक शेजारी उभे असल्याशिवाय साधन सूर्याकडे वळवू देऊ नये. परावर्ती दुर्बिणीत सूर्याच्या उष्णतेने नेत्रिका आणि लहान आरसा तडकू शकतो, म्हणून सहा इंचीचा यासाठी विचारच करू नये. चंद्राचा व्यास महिनाभर मोजून त्याच्या कक्षेची विकेंद्रता (ती वर्तुळापासून किती वेगळी आहे ते) काढणे हाही चांगला पर्याय आहे; हा व्यास २९.४ कलांपासून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ३३.५ कलांपर्यंत बदलतो आणि पाचटाच्या धुरातूनही मोजता येतो. चंद्र डोक्यावर असताना क्षितिजावरच्यापेक्षा सुमारे १.७ टक्के मोठा मोजला जातो, कारण आपण तेव्हा पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येने त्याच्या जवळ असतो. एवढे ध्यानात ठेवून मोजमाप दर वेळी साधारण सारख्याच उंचीवर करावे.

प्रकल्पाचा विषय अभ्यास मंडळाकडे पाठवण्यापूर्वी एक काम तुम्ही स्वतः करावे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन वेगवेगळ्या रात्री साडेदहाच्या पुढे गच्चीवर जाऊन मिथुनेची दहा-दहा चित्रे घ्यावीत आणि कापा व डेल्टा यांच्या प्रतींतला फरक दोन्ही रात्री मोजून पाहावा. तो ०.०३ प्रतीच्या आत जुळला तर झीटाचा विषय निर्धास्त द्यावा. जुळला नाही तर आधी फोकस अधिक बिघडवून पाहा, मग गच्चीवरचा दिवा लेन्सवर पडतो का ते पाहा, आणि तरीही जुळत नसेल तर ती चित्रे माझ्याकडे पाठवा. दोष कुठे आहे ते आपण मिळून शोधू.